मेंढीकोट कसा खेळावा: मेंढी कधी सोडायची ते आधी शिका

मेंढीकोट या पत्त्यांच्या खेळाचे नियम पाच मिनिटांत कळतात. तरीही वर्षानुवर्षे खेळणारी मंडळी एकच चूक करत राहतात: मेंढी, म्हणजे दश्शी, हातात दाबून बसतात. मग शेवटच्या दोन-तीन हातांत ती नाइलाजाने पडते आणि समोरची जोडी ती उचलून नेते. ‘मेंढी जपून ठेव, शेवटी काढ’ हा सल्ला घरोघरी दिला जातो आणि तो सपशेल चुकीचा आहे. का ते पुढे सांगते. आधी मांडणी उरकून घेऊ.

चार जण, दोन जोड्या, भिडू (जोडीदार) समोरासमोर; पुढे ‘समोरचे’ म्हणते ते मात्र विरुद्ध जोडीचे. जोकर बाजूला काढून 52 पाने. एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी असे उतरत दुर्रीपर्यंत. पिसा, काटायला द्या आणि उजवीकडून वाटत या: आधी प्रत्येकी पाच, मग चार, मग पुन्हा चार. वाटणाऱ्याच्या उजव्या हाताचा खेळाडू पहिली उतारी करतो, म्हणजे पहिले पान टाकतो, आणि खेळही उजवीकडेच फिरतो. उतारीचा रंग हातात असेल तर तोच द्यावा लागतो. चौघांच्या चार पानांचा एक हात होतो.

दश्शी म्हणजे मेंढी. चारपैकी तीन मेंढ्या ज्यांच्याकडे गेल्या त्यांचा डाव. दोन-दोन झाल्या तर सात किंवा जास्त हात करणाऱ्यांचा. चारही मेंढ्या एकीकडे गेल्या तर मेंढीकोट आणि तेराच्या तेरा हात झाले तर बावन्न पानांचा कोट. वाटणाऱ्याची जोडी हरली तर पुन्हा त्यानेच वाटायचे, बावन्न पानांचा कोट बसला असेल तर त्याच्या भिडूने. जिंकली तर पत्ते उजवीकडे जातात.

यातली एक गोष्ट मनात पक्की बसवा: हातांची मोजणी फक्त दोन-दोन मेंढ्या झाल्यावरच होते. नवखा खेळाडू एकामागून एक हात ओढत सुटतो, नऊ हात करतो आणि तीन मेंढ्या घालवून डाव हरतो. रिकामा हात समोरच्यांना गेला तर जाऊ द्या.

हुकूम

हुकूम म्हणजे बाकी रंगांवर मात करणारा रंग. तो ठरवण्याच्या दोन पद्धती आहेत. बंद हुकुमात वाटणाऱ्याच्या उजवीकडचा खेळाडू आपल्या हातातले एक पान पालथे ठेवतो. ज्याच्याकडे उतारीचा रंग नसेल तो हुकूम उघडायला सांगू शकतो. मग त्याच्याकडे हुकूम असेल तर त्या हातावर त्याला तो टाकावाच लागतो. पालथे पान ठेवणाऱ्याच्या हातात परत जाते. कट हुकुमात सुरुवातीला हुकूम नसतोच. ज्याचा उतारीचा रंग सर्वांत आधी संपेल त्याने टाकलेले पान ज्या रंगाचे, तो रंग हुकूम. त्याला टाळाटाळ करता येत नाही.

शिकायचे असेल तर कट हुकूमच खेळा. बंद हुकुमात निम्मा डाव अंदाजावर जातो. कट हुकुमात पाने मोजायची सवय लागते, आणि मेंढीकोटमध्ये खरे कौशल्य मोजणीतच आहे. पुढचे सगळे कट हुकूम धरून सांगते.

उत्तरेकडचा दहला पकड खेळलेले पाहुणे असतील तर त्यांना आधीच सांगा की इथे प्रत्येक हात जिंकणारा तो लगेच उचलतो. त्यांच्याकडे एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हात जिंकले तरच मधली पाने उचलता येतात. हे न सांगता बसलात तर पहिल्याच डावात वाद होतो.

मेंढी कधी सोडायची

आता मुख्य अवघड भाग. दश्शीच्या वर फक्त चार पाने असतात: गुलाम, राणी, राजा, एक्का. म्हणजे दश्शी स्वतःच्या जोरावर हात करते ती ही चारही पाने निघून गेल्यावर. पण तोवर तो रंग कोणाच्या तरी हातून संपलेला असतो आणि हुकूम पडतो. म्हणून शेवटपर्यंत दडवलेली मेंढी वाचत नाही. मेंढी घरी येते ती तीन वाटांनी: भिडू जिंकत असलेल्या हातावर तुम्ही ती टाकता, मेंढीनेच हुकूम करता, किंवा समोरच्यांची मेंढी तुमच्या मोठ्या पानाखाली पडते.

पहिली वाट सर्वांत जास्त कामाची. भिडूने एक्क्याची उतारी केली की तो त्या रंगाची मेंढी मागतो आहे असे समजा. त्याच्या उजवीकडच्याने पान दिले, आता तुमची पाळी, तुमच्यानंतर एकच जण उरला. रंगाची ही पहिलीच फेरी असेल आणि तुमच्याकडे त्या रंगाची चार किंवा कमी पाने असतील, तर मेंढी लगेच द्या. शेवटच्याकडे तो रंग अजिबात नसण्याची शक्यता फार कमी असते. ‘पुढच्या फेरीत बघू’ म्हणून इथे छक्की टाकणारे लोक भिडूचा एक्का वाया घालवतात. हातात त्या रंगाची सहा-सात पाने असतील तेव्हा मात्र थांबा. बाहेर इतकी कमी पाने उरतात की शेवटचा रिकामा असू शकतो.

तुम्ही चौथे असाल आणि हात भिडूचा होत असेल तर विचार करायचा प्रश्नच नाही. मेंढी टाका. यात कसलीही जोखीम नसते आणि तरीही लोक इथे कचरतात.

दुसऱ्या फेरीत हिशेब बदलतो. हा हिशेब पाठच करा. तुमच्याकडे एखाद्या रंगाची पाच पाने असतील तर बाकी तिघांत आठ. आठ पाने तिघांत कशीही वाटा, एकाकडे दोन किंवा कमीच येतात, म्हणजे त्या रंगाच्या तिसऱ्या उतारीपर्यंत कोणीतरी नक्की रिकामा झालेला असतो. तुमच्याकडे चार असतील तर बाहेर नऊ. तिघांकडे तीन-तीन आली तरच तिसरी फेरी सुखरूप जाते, आणि तसे क्वचितच होते. तुमच्याकडे आठ असतील तर दुसऱ्याच उतारीला कोणाचा तरी रंग संपतो. मोठा रंग हातात आला म्हणून एक्का, राजा, राणी ओळीने वाजवत जाणारे लोक तिसऱ्या पानाला हुकूम खातात, आणि मग पाने वाईट आली म्हणून कुरकुरतात.

रिकामा होणारा तुमचा भिडू असेल तर तुमचा जिंकता एक्का त्याच्या हुकुमाखाली जाईल. त्यावर चिडू नका. नियमाने त्याला दुसरा मार्ग नसतो, आणि हुकूम तुमच्याच जोडीच्या मर्जीचा झाला ही मोठी मिळकत आहे.

दुसरी वाट: मेंढीने हुकूम करणे. तुमचा रंग संपला, अजून हुकूम झालेला नाही आणि तुम्ही चौथे आहात. अशा वेळी लांब रंगातली मेंढी टाका. हात तुमचा, मेंढीही तुमची, हुकूमही तुमच्या लांब रंगाचा. मेंढीशिवाय त्या रंगाची निदान तीन पाने हातात उरत असतील तर हे डोळे मिटून करावे. तुम्ही दुसरे किंवा तिसरे असाल तर पुढचाही रिकामा निघून गुलाम-राणीने वर मारू शकतो. तेव्हा त्याच रंगाचे सर्वांत बारीक पान टाकून हुकूम करा आणि मेंढी मागे ठेवा.

एक हात धरून पाहू. इस्पिक: एक्का, राजा, सत्ती, चौकी. बदाम: दश्शी, अठ्ठी, छक्की, पंजी, तिर्री. चौकट: राणी, नव्वी, दुर्री. किलवर: नुसता गुलाम. पहिली उतारी तुमची आहे. बहुतेक जण इस्पिकचा एक्का वाजवतात. तेही वाईट नाही, भिडूकडे इस्पिकची मेंढी असेल तर तो ती देईल. पण तिथेच थांबा, पाठोपाठ राजा वाजवू नका. पुढची उतारी किलवरच्या गुलामाची करा. गुलाम गेला तर गेला. आता किलवर तुमच्याकडे नाही. पुढे कोणीही किलवर काढले की, तोवर दुसऱ्या कोणी हुकूम केला नसेल तर, बदाम हुकूम होतो: चौथे असाल तर दश्शीने, आधी असाल तर तिर्रीने. इस्पिकचा राजा पुन्हा उतारी मिळेल तेव्हासाठी राखून ठेवायचा.

एकांडी मेंढी, म्हणजे त्या रंगाचे दुसरे पानच नाही, ही सर्वांत नाजूक स्थिती. समोरच्याने त्या रंगाचा एक्का काढला की ती गेलीच. अशा वेळी तिचीच उतारी करून मोकळे व्हा, असे सांगणारे बरेच भेटतील. ऐकू नका. एक्का भिडूकडे असण्याची शक्यता तिघांत एक, आणि एक्का समोरच्यांकडे निघाला तर मेंढी तुम्ही स्वतः ताटात वाढून दिलीत. त्यापेक्षा दुसरा एखादा आखूड रंग लवकर संपवा. मग हुकूम झालेला नसेल तर याच मेंढीने करता येईल. झालेला असेल तर भिडूच्या जिंकत्या हातावर ती टाकता येईल. मेंढीने हुकूम करण्यात धोका आहे: हुकूम कोणाकडे लांब आहे ते तुम्हाला माहीत नसते. तरीही हातची मेंढी घरी येते आणि मला हा सौदा चालतो.

तिसरी वाट समोरच्यांच्या मेंढीची. मेंढीला निदान दोन बारीक पानांचा आधार नसेल तर ती एक्का-राजाच्या दोन उताऱ्यांत उघडी पडते. म्हणून एक्का-राजा जोडीने हातात असतील आणि त्या रंगाची मेंढी तुमच्याकडे नसेल, तर त्या रंगात उतारी करा. हेच उलट ध्यानात ठेवा: तुमच्या मेंढीबरोबर असलेली तिर्री-चौकी हलकी समजून उधळू नका. तीच तिची ढाल आहे. राजा-दश्शी हातात असेल आणि एक्का बाहेर असेल तर राजाची उतारी कधीच करू नका. एक्का निघेपर्यंत बारीक पान देत राहा.

हुकूम झाल्यावर

हुकमाची पाने मोजा, तेरा. तुमच्या जोडीकडे जास्त आहेत असा अंदाज आला की हुकमाचीच उतारी करून समोरच्यांचे हुकूम ओढून घ्या. मग तुमच्या उरलेल्या मेंढ्यांना कोणी मारणारा राहत नाही. अंदाज उलटा असेल तर हुकमाला हात लावू नका. हुकमाची मेंढी तुमच्याकडे असेल आणि तुम्ही चौथे असताना कोणताही हात मारता येत असेल, तर तिर्रीने मारू नका, मेंढीनेच मारा. बाकी बावन्न पाने लक्षात ठेवायची गरज नाही. चार मेंढ्या, चार एक्के आणि हुकूम एवढे पुरे.

समोरचे हात जिंकत असतील तर सर्वांत बारीक पान द्या.

बसण्याआधी ठरवायच्या गोष्टी

रंग असून दुसरे पान टाकले तर काय, हे आधी बोलून घ्या. माझे मत ठाम आहे: तो हात उचलण्याआधी चूक कबूल केली तर पान बदलू द्यावे, नंतर सापडली तर डाव समोरच्यांना द्यावा. लहान मुले खेळत असतील तर पहिले दोन डाव माफ.

भिडूला डोळ्याने, खाकरून किंवा पान आपटून खूण करणे बंद ठेवा. ‘घरचेच तर आहेत’ म्हणून चालवून घेतले की खेळ संपतो. भिडूशी बोलायचे ते पानांनीच: एक्क्याची उतारी म्हणजे मेंढी दे, आणि हुकूम झाल्यावर भिडूने एखाद्या रंगाचे बारीक पान फेकले तर त्या रंगात त्याच्याकडे मोठे काही नाही. ही भाषा दोन-चार बैठकांत जुळते. जोड्या दर डावाला बदलू नका, निदान एक बैठक तरी तेच भिडू ठेवा.

सहा जण असतील तर चारही दुर्र्या काढा, 48 पाने, प्रत्येकी आठ, तिघांची एक बाजू, एकाआड एक बसायचे. इथे प्रत्येक रंगाची बाराच पाने सहा जणांत वाटली जातात, सरासरी दोन-दोन. दुसऱ्याच उतारीला बहुतेक वेळा कोणीतरी रिकामा असतो, कधी पहिल्याला. त्यामुळे पहिल्या एक्क्यावर मेंढी द्यायचा नियम इथे तसाच लावू नका. तुमच्यानंतर समोरच्या बाजूचे दोन जण खेळायचे असतील तर थांबा, आणि शेवटी बसलेल्यानेच मेंढी सोडावी.