४९-० बघून हुरळू नका, समोर कोण होतं ते बघा

सर्वात भारी बॉक्सर कोण हा वाद पेटला की कोणीतरी १९५० च्या दशकातला हेवीवेट चॅम्पियन रॉकी मार्सियानोचं ४९-० (४९ फाइट जिंकल्या, एकही हरला नाही) तोंडावर मारतंच. आकडा खराय, पण तो मोजायचा कसा?

आधी रेकॉर्ड उघडा आणि सुरुवातीची भरती, म्हणजे आकडा वाढवायला घेतलेले कच्चे गडी, सोडून द्या, ती सगळ्यांच्याच खात्यात असते. मार्सियानोचं खरं माप चारच नावांत आहे, जो लुई, जर्सी जो वॉलकॉट, एझार्ड चार्ल्स आणि आर्ची मूर.

आता प्रत्येकाचं त्या रात्रीचं वय लिहा. जो लुई १९५१ ला ३७ चा, रिटायर झालेला, टॅक्सच्या थकबाकीपायी परत रिंगमध्ये उतरलेला. तो विजय निम्म्या भावात धरा.

पण नुसतं वय बघून मोकळे होऊ नका, मी पण आधी हेच करायचो. वॉलकॉट १९५२ ला ३८ चा होता पण चालू चॅम्पियन होता, पहिल्याच राउंडला त्याने मार्सियानोला खाली पाडलं, १२ राउंड झाल्यावर तिन्ही पंचांच्या गुणांत पुढे होता, आणि मग १३ व्या राउंडला मार्सियानोचा एकच उजवा ठोसा असा बसला की वॉलकॉट एक हात दोरीत अडकवून गुडघ्यांवर घसरला. याला पूर्ण भाव!

मग हरल्यानंतर त्या माणसाचं काय झालं ते बघा. आर्ची मूरला लोक म्हातारा म्हणून उडवून लावतात, पण १९५५ ला मार्सियानोकडून हरलेला हाच मूर १९५८ ला माँट्रियलमध्ये कॅनडाच्या ड्युरेलसमोर पहिल्या राउंडला तीनदा खाली पडला आणि तरी ११ व्या राउंडला त्याने ड्युरेललाच झोपवलं. संपलेला माणूस असा खेळतो होय? हां, मूर आणि चार्ल्स दोघंही मुळात लाइट हेवीवेटचे, म्हणजे हेवीवेटच्या खालच्या वजनगटातले, तेवढं थोडं कापा.

समोरच्याच्या तब्येतीचंही बघा, इथे मुहम्मद अलीचं उदाहरण घ्या. १९६६ ची अली विरुद्ध क्लीव्हलँड विल्यम्स फाइट बघताना अंगावर काटा येतो, पण दोन वर्षांपूर्वी विल्यम्सला पोलिसाची गोळी लागून एक किडनी गेलेली. ती फाइट अलीचं फूटवर्क बघायला लावा, त्याचं मोठेपण मोजायला १९७४ ला किन्शासात त्याने हरवलेला जॉर्ज फोरमन घ्या, २५ वर्षांचा, ४०-०. फोरमनचं हे ४०-० पण याच चाळणीतून काढा, बरीच भरती गळेल, पण फ्रेझर आणि नॉर्टन दोघंही त्याच्यासमोर दोन-दोन राउंडात गेलेले, आणि तोवर अलीला हरवलेले हेच दोघं होते.