पहिले केक टिन घेताना

सुरुवातीला सेटच्या मोहात पडू नका. ६ इंची गोल, ३ इंच उंच अ‍ॅल्युमिनियमचे एकाच मापाचे दोन टिन घ्या. अर्ध्या किलोच्या केकला तेवढे पुरतात. ८ इंची नंतर. त्याला मिश्रण जवळपास पावणेदोनपट लागतं.

दुकानात टिनला आतून काटकोनी पट्टी लावून बघाच. स्वस्त टिन बरेचदा तळाशी निमुळते असतात. मग थर एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि कडा सरळ करण्यात क्रीम वाया जातं. काळे नॉनस्टिक टाळा, कडा आधी करपतात. सुट्या तळाच्या टिनमधून पातळ मिश्रण गळतं. टिन दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. आणि हो, ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) आतून मोजूनच खरेदीला निघा: टिनभोवती इंचभर जागा हवी.