सल्ला देण्याआधी घरातले डबे विचारा

2020 च्या लॉकडाऊनमध्ये मी फोनवरून आहाराचा सल्ला द्यायचे. पलीकडे बहुतेक वेळा 13 ते 18 वर्षांची मुलं, नाहीतर त्यांच्या आया. फळं खा, भाज्या खा, जंक फूड टाळा ही छापील यादी हाताशी असायची. पण ती उपयोगाची फक्त भरल्या घरांना.

पुन्हा तशी वेळ आली आणि शिक्षक, कार्यकर्ते किंवा शेजारी म्हणून तुम्ही एखाद्या मुलाच्या खाण्याकडे लक्ष देणार असाल, तर ‘काय खातोस?’ असं विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं: ‘सगळं खातो.’ त्यापेक्षा विचारा, काल रात्री किती वाजता जेवलास? स्वयंपाक कुणी केला? शेवटी कोण जेवलं? या शेवटच्या प्रश्नावर 15 वर्षांची एक मुलगी गप्प झाली. मग म्हणाली, ‘मला तशी भूक नसतेच, दिवसभर बसून तर असते.’ बोलता बोलता कळलं, वडिलांचं काम बंद होतं आणि धाकट्या भावाचं झाल्यावर उरेल ते ती घेत होती.

‘भूक नसते’ यामागे टंचाई असू शकते, वजन वाढण्याची धास्तीही असू शकते. म्हणून घरात आठवडाभर पुरेल इतकं धान्य आहे का, हे सरळ विचारा, पण मुलाला एकट्याला. फोन स्पीकरवर असला तर हो-नाहीत उत्तर देता येईल असेच प्रश्न घाला.

उत्तर ‘नाही’ आलं की पोषणाचं भाषण तिथंच थांबवा. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाच्या अंदाजानुसार तेव्हा शाळा बंद झाल्याने जगभरातल्या सुमारे 37 कोटी मुलांचं शाळेतलं जेवण तुटलं होतं. म्हणून पहिला फोन शाळेला: जेवणाऐवजी शिधा किंवा पैसे मिळतात का, कधी, कागद कोणता लागतो, मूल स्वतः जाऊन आणू शकतं का. आणि घरात इंधन आहे ना, हेही बघा. धान्याची पिशवी पोचवून फोटो काढणाऱ्यांना हे सुचत नाही.

हाती थोडंच असेल तर डाळी आणि कडधान्यं आधी, खात असतील तर अंडीही. या वयात लोहाची गरज वाढते, पाळी सुरू झालेल्या मुलींची तर जास्तच. पालेभाजी किंवा कडधान्याबरोबर काहीतरी आंबट फळ असू द्या, क जीवनसत्त्वामुळे त्यातलं लोह अंगी लागतं. चहा-कॉफी जेवणाला लागून नको, तासाभराचं अंतर ठेवा. ताजी भाजी परवडत नसेल तर गोठवलेली किंवा डबाबंद चालते. डब्यातलं खारं पाणी टाकून ती धुऊन घ्या. वाढताना मुलीचं ताट ‘लहान’ म्हणून कमी भरू नका. तिची गरज मोठ्या माणसाएवढी असते.

भरल्या घरातली गोष्ट वेगळी. तिथे मुलगा रात्री दोनला बिस्किटांचा पुडा फोडतो, सकाळचा ऑनलाइन वर्ग अंथरुणातून करतो आणि पहिलं जेवण दुपारी. इटली, स्पेन, चिली, कोलंबिया आणि ब्राझीलमधल्या किशोरांची तेव्हा पाहणी झाली होती. त्यांचं भाज्या-फळं खाणं वाढलं होतं, आणि गोडही. आईचं शिक्षण आणि जेवताना टीव्ही या गोष्टींचाही खाण्याशी संबंध दिसला होता. म्हणून खाऊ कुलपात ठेवण्याऐवजी आधी उठण्याची वेळ बांधा, जेवणाच्या वेळा आपोआप जागेवर येऊ लागतात. जेवताना सगळ्यांचेच फोन बाजूला, आई-वडिलांचेसुद्धा. एक वेळचा स्वयंपाक त्याच्यावर सोडा. बिघडला तरी मुकाट्याने खा.

वजनावर शेरे मात्र कुणाच्याच घरात नकोत. झपाट्याने वजन उतरणं, लपूनछपून जेवण टाळणं, जेवल्यावर उलटी काढणं, पाळी थांबणं यातलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना दाखवा. पाळी तर नुसत्या उपासमारीनेही थांबू शकते, म्हणून घरातल्या टंचाईची गोष्ट डॉक्टरांच्याही कानावर घाला.

खुशालीचा पुढचा फोन शिधा आल्या आल्या करू नका. तो संपत आलेला असेल, तेव्हा करा.