पणजी एका दिवसात, तीही पायी

पणजीला गाडी घेऊन फिरायचा हट्ट करू नका, पार्किंग शोधण्यातच अर्धा दिवस जातो, त्यापेक्षा कदंब बसस्टँडवर उतरा आणि ओरेम खाडीवरचा छोटा पूल ओलांडून सरळ चालत सुटा. सकाळी आठच्या आत फोंतेन्यास, म्हणजे जुनी पोर्तुगीज वळणाची वस्ती, गाठायचं, नंतर रीलवाल्यांची जत्रा भरते. पिवळी-निळी घरं, लाल कौलं, भिंतीवर निळ्या टाइल्सच्या नावपाट्या, पण लोक राहतात हो तिथे, त्यांच्या पायऱ्यांवर बसून पोझ नका देऊ. सेंट सेबॅस्टियन चॅपल उघडं मिळालं तर क्रूसावरचा येशू नीट बघा, मान ताठ आणि डोळे उघडे, असं सहसा नसतं.

मग मांडवीकाठी आदिलशाही राजवाडा, त्याच्या शेजारी संमोहनविद्येसाठी गाजलेल्या गोव्याच्या पाद्र्याचा, अब्बे फारियाचा, बाईला हिप्नोटाइज करतानाचा पुतळा. पोर्तुगीज गोव्याची राजधानी इथे 1843 ला आली, त्याआधी जुनं गोवं होतं, ते 10 किलोमीटरवर, बस मिळते.

दुपारी दुकानं बंद म्हणजे बंद, चिडू नका, जेवा आणि तुम्हीपण सुशेगाद, म्हणजे गोवेकरांसारखे निवांत, व्हा. संध्याकाळी बेतीच्या फेरीबोटीने मांडवीपलीकडे जाऊन या, पायी जाणाऱ्यांना फुकट. परत आलात की गाड्यावरचं रस ऑम्लेट (मसालेदार रश्श्यातलं ऑम्लेट), पाव जास्तीचा मागा, रस्सा उरतोच.