जीव नकोसा झालेल्या माणसाशी बोलताना या चुका टाळा

‘गरजेल तो पडेल काय’ ही म्हण इथे लावू नका. मरणाची भाषा करणारा तसं काही करत नाही, हा समज जीवघेणा आहे. बऱ्याच जणांनी आधी कुणाला तरी सुचवलेलं असतं, पण आडून: ‘मी नसलो तरी तुमचं काही अडणार नाही.’ पूर्वी एकदा प्रयत्न झालेला असेल तर धोका फार वाढतो.

निरवानिरवीकडेही लक्ष ठेवा. जपलेल्या वस्तू देऊन टाकणं, देणीघेणी मिटवणं, निरोप घेतल्यासारखे फोन. कित्येक महिने खचलेला माणूस एकाएकी शांत दिसू लागला की घरच्यांना हायसं वाटतं. कधीकधी मात्र ती शांतता निर्णय झाल्याची असते.

सगळ्यांत मोठी चूक म्हणजे विचारायला घाबरणं. विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट मनावरचं ओझं हलकं होतं. ‘जीव द्यावासा वाटतोय का?’ असंच विचारा. ‘तसलं वेड्यासारखं काही मनात नाही ना?’ या प्रश्नाला ‘नाही’ हेच उत्तर येणार.

एका मैत्रिणीनं ‘आता नको वाटतं सगळं’ म्हटलं, तेव्हा मी घाईनं म्हणाले, ‘असं बोलू नये गं, मुलांकडे बघ.’ ‘हो, खरंय,’ म्हणून तिनं फोन ठेवला. रात्रभर ते ‘खरंय’ मला टोचत राहिलं. सकाळी पुन्हा फोन करून सरळ विचारलं. पलीकडे बराच वेळ शांतता, मग हुंदका. पुढचा तासभर ती बोलली, मी फक्त ऐकत होते. आदल्या दिवशी मी तिला समजावलं नव्हतं, गप्प केलं होतं.

‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. कसं आणि कधी हे त्यानं ठरवलेलं असेल, तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका. औषधांचा साठा आणि इजा करता येईल अशा वस्तू त्याच्या आवाक्याबाहेर न्या. ती तीव्र ओढ बहुधा थोडाच वेळ टिकते, म्हणून मधलं अंतर जीव वाचवतं. त्याला सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा थेट रुग्णालयात जा. भारतात टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो, मराठीतही बोलता येतं. जिवावर बेतलं असेल तर ११२.

आणि रुग्णालयातून घरी आला की ‘सुटलो’ समजू नका. नंतरचे काही आठवडे फार नाजूक असतात, आणि नेमके तेव्हाच फोन थांबतात. सॅन फ्रान्सिस्कोतले मानसोपचारतज्ज्ञ जेरोम मोटो यांनी पुढचे उपचार नाकारलेल्या रुग्णांपैकी काहींना वर्षानुवर्षं छोटी पत्रं पाठवली, कसलीही मागणी न करता. पहिल्या दोन वर्षांत त्या गटात आत्महत्या स्पष्टपणे कमी झाल्या. दोन ओळींचा मेसेज तुम्हालाही पाठवता येईल: ‘तुझी आठवण आली. उत्तर नाही दिलंस तरी चालेल.’ पुढच्या आठवड्यात पुन्हा पाठवा.