एअर बेड आणला, तरी पाठीला जखम झालीच कशी? घरच्या रुग्णसेवेतल्या या चुका टाळा

अर्धांगवायूचा रुग्ण दवाखान्यातून घरी यायच्या आधी भाड्याचा फाउलर कॉट (डोक्याकडची आणि पायाकडची बाजू वर-खाली होणारी खाट) आणि एअर बेड (पंपानं हवा भरणारी गादी) येऊन पडलेले असतात. मी घरोघरी जाऊन नर्सिंग करते. पहिल्या भेटीत घरचे तो एअर बेड कौतुकानं दाखवतात, आणि मी आधी त्यावर काय अंथरलंय ते बघते. बहुतेक घरांत मेणकापड, त्यावर जाड चादर, त्यावर आजींची मऊ गोधडी. इतके थर घातल्यावर खालच्या हवेचा उपयोग अंगापर्यंत पोचणार कसा? एअर बेडवर एकच पातळ सुती चादर हवी, तीही ताणून खोचलेली नको.

याहून मोठी चूक म्हणजे बेड आला की कूस बदलणं थांबतं. "बेड आहे ना, मग झोपमोड कशाला?" हे मी कितीदा ऐकलंय. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, होते ती हाड आणि गादी यांच्यात कातडी चेपून तिथला रक्तपुरवठा अडल्यामुळे. एअर बेडच्या नळ्या आळीपाळीनं फुगतात, त्यामुळे दाब सरकतो, नाहीसा होत नाही. म्हणून साधारण दर २ तासांनी कूस बदलायचीच, रात्रीसुद्धा. पूर्ण कुशीवर झोपवलं तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून अंग ३० अंशांइतकंच कलतं ठेवा. पोटऱ्यांखाली उशी द्या, म्हणजे टाचा अधांतरी राहतील. टाचांकडे कुणी बघतच नाही, आणि जखम तिथेच गुपचूप होते. रुग्ण खाली घसरला तर काखेत हात घालून ओढू नका, कातडी घासते. दोघांनी चादरीसकट उचलून वर घ्या.

बेड नीट चालतोय का, हे कसं कळणार? रुग्ण झोपलेला असताना माकडहाडाच्या बरोबर खाली, एअर बेडखालून तळहात घाला. हात आणि अंग यांच्यामध्ये निदान इंचभर फुगीर हवा जाणवली पाहिजे. हाड हाताला लागत असेल तर पंपाचं बटण वजनाप्रमाणे वाढवा आणि नळी कुठे दुमडलीय का ते बघा. लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडून गादी बसते. तेवढा वेळ कूस अधिक वेळा बदला.

पाठ लाल दिसली की घरात पहिला हात तेलाच्या बाटलीकडे जातो. तिथे चोळू नका. आतला भाग आधीच दुखावलेला असतो, चोळून तो आणखी बिघडतो. लाल जागेवर बोट दाबून उचला. क्षणभर पांढरी पडली तर ठीक. लालच राहिली तर बेडसोरची पहिली पायरी समजा आणि त्या जागेवर पुन्हा भार येऊ देऊ नका. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे हातानं तपासा: आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का? स्पिरिटनं कातडी कोरडी पडते, घामात पावडरीच्या गुठळ्या होतात, आणि बसायला दिलेली हवेची रिंग कडेनं उलट जास्त दाबते. कातडी फाटली असेल तर हळद, कोरफड वगैरे प्रयोग न करता ड्रेसिंगसाठी नर्स किंवा डॉक्टरांना बोलवा.

नाकातली नळी आणि घोटभर पाणी

राइल्स ट्यूबनं, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीनं, पेज देताना रुग्ण आडवा नको. कॉटची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर ठेवा, आणि फीड झाल्यावरही निदान अर्धा तास तशीच राहू द्या. नाकपुडीपाशी नळीवर मार्करनं खूण करून ठेवा. प्रत्येक फीडआधी खूण जागेवर आहे का, ते बघा. सिरिंजनं हवा ढकलून पोटात गुडगुड ऐकायची जुनी पद्धत भरवशाची नाही. नळी फुप्फुसात असली तरी आवाज येऊ शकतो. खूण सरकली असेल, खोकला लागला किंवा धाप लागली तर फीड थांबवा. नळी निघाली तर घरी परत सारू नका.

नळी तुंबते ती बहुतेक वेळा गोळ्यांच्या भुकटीनं. फीडच्या आधी आणि नंतर ३० मिली पाणी, गोळ्या एकेक करून बारीक कुटून, आणि पेज गाळून दिलीत तर हा त्रास टळतो. तुंबलीच तर कोमट पाणी हलक्या हातानं, जोर लावून नाही. 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी कुटू नका, दिवसभराचा डोस एकदम सुटतो. डॉक्टरांकडून दुसरा पर्याय लिहून घ्या.

आणि भेटायला येणारे! "ओठ बघा किती सुकलेत, दे गं घोटभर पाणी." गिळणं बिघडलेल्याला पाणीच सगळ्यात अवघड, कारण ते पातळ असतं आणि वेगानं घशात उतरतं. ठसका लागला नाही म्हणजे नीट गेलं, असंही नाही. ओल्या कापसानं ओठ आणि तोंड पुसा, दात-जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करा.

लघवीची पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. व्हीलचेअरवर नेताना ती मांडीवर ठेवली की जुनी लघवी उलटी फिरते. पिशवीत काहीच येत नसेल तर आधी नळी मांडीखाली दबलीय का ते बघा. तसं नसेल आणि पोट फुगलं असेल तर वाट बघत बसू नका.

इन्सुलिनमधली गफलत मात्र जिवावर बेतू शकते. लाल टोपणाची सिरिंज ४० युनिट प्रति मिलीच्या बाटलीसाठी असते, पेनाच्या काडतुसात प्रति मिली १०० युनिट असतात. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं औषध या सिरिंजनं ओढलं तर १० च्या खुणेला प्रत्यक्षात २५ युनिट जातात. फीड चुकलं असताना ठरलेला डोस देऊन टाकणं, हीसुद्धा तशीच घोडचूक.

मावशी की सिस्टर?

नर्सिंग ब्युरोतून आलेल्या मावशी पुसणं, भरवणं, कूस बदलणं उत्तम करतात. इंजेक्शन, कॅथेटर (लघवीची नळी) बदलणं हे त्यांचं काम नाही, आणि पैसे वाचवायला ते त्यांच्यावर ढकलणं त्यांच्यावरही अन्याय आहे. सिस्टर म्हणून कुणी आलं तर जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) की एएनएम (सहायक परिचारिकेचा कोर्स) ते विचारा, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी बघा. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही. मी माझी स्वतःहून दाखवते.

कॉटजवळ एक वही बांधून ठेवा. "जेवले, झोपले, ठीक" असल्या नोंदीचा उपयोग नाही. किती वाजता कुठली कूस, किती मिली फीड, लघवी किती, साखर किती, एवढं हवं. आणि ड्युटी बदलताना जाणारीनं आणि येणारीनं मिळून, ट्यूबलाइट लावून, रुग्णाची पाठ आणि टाचा बघायच्या.