सायकलच्या चाकाचा आऊट घरी काढताना या चुका टाळा

पहिल्यांदा आऊट, म्हणजे चाकाचं डावी-उजवीकडे डुलणं, काढायला बसलो तेव्हा सायकल उलटी करून चाक फिरवलं. रिम एका जागी ब्रेकच्या रबराला घासत होती. तिथले दोन स्पोक आवळले, मग शेजारचे, मग त्यांच्या शेजारचे. तासाभरानं डुलणं थांबलं, पण चाक उड्या मारायला लागलं. नुसतं आवळत गेलं की हेच होतं. आवळलेला प्रत्येक स्पोक रिमला हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाकडे, ओढतो, तेवढी जागा आत दबते आणि चाकाचा गोल बिघडतो.

रिम उजवीकडे जात असेल तर तिथले हबच्या डाव्या कडेला जाणारे स्पोक पाव फेरा आवळायचे आणि उजव्या कडेचे तेवढेच सैल करायचे. शेजारशेजारचे स्पोक आलटून पालटून दोन बाजूंना जातात, तेव्हा बोट हबपर्यंत नेऊन खात्री करा. पाव फेरा, चाक फिरवून बघा, पुन्हा पाव फेरा. दुकानातला माणूस हे गप्पा मारत करतो, पण आपण त्याच्याशी शर्यत लावू नये.

हमखास फसवते ती दिशा. टायरकडून पाहिलं तर निप्पल (स्पोकच्या रिमकडच्या टोकाला बसणारा छोटा नट) घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवल्यावर आवळतो. हबकडून पाहिलं तर तेच उलटं दिसतं. खालच्या बाजूचे निप्पल फिरवताना आपण वरून, म्हणजे हबकडूनच बघत असतो. पाच मिनिटांत आऊट वाढला असेल तर बहुधा इथंच चुकलंय.

पाना लावण्याआधी रिम धरून आडवी हलवून बघा. हबपाशी खुळखुळ असेल तर दोष कोनचा (हबमधल्या बेअरिंगला धरणाऱ्या नटाचा) आहे, स्पोकचा नाही. एखादा स्पोक तुटलाय का तेही बघा. तुटलेल्याचं काम शेजारचे आवळून भागत नाही, नवाच घालावा लागतो. खड्ड्यात आदळलेलं चाक असेल तर त्या भागातले स्पोक सैल करा. तरीही बाक तसाच राहिला तर रिमच वाकली आहे.

पकडीनं निप्पल फिरवू नका, कोपरे झिजतात. मापाचा स्पोक पाना घ्या. गंजलेल्या निप्पलवर तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. फिरवताना स्पोक दोन बोटांत धरा, नाहीतर निप्पलऐवजी स्पोकच पिळला जातो.

गिअरच्या सायकलीत मागच्या चाकाचे फ्रीव्हीलकडचे स्पोक जास्त ताणलेले असतात. बोटानं छेडल्यावर येणारा आवाज दोन्ही बाजूंना सारखा करायला गेलात तर रिम मध्यावरून सरकेल. आवाज एकाच बाजूच्या स्पोकमध्ये जुळवा. डिस्क ब्रेक असेल तर रिमजवळ रबर नसतं, तेव्हा फोर्कला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणा, मोजायला तेवढं पुरतं.

बरेच फेरे आवळले असतील तर टायर-ट्यूब काढून आत बघा. निप्पलच्या वर आलेलं स्पोकचं टोक कानशीनं घासा, नाहीतर पंक्चर ठरलेलं. मिलिमीटरभर डुलणं उरलं तर राहू द्या. तेवढं काढायच्या हट्टात मी एक निप्पल गोल केला आणि चाक घेऊन शेवटी दुकानातच गेलो.